सूर्यस्थितिज्ञान : हिंगोली परिसरातील इतिहास

सूर्यस्थितिज्ञान : आकाशातील सूर्याचे स्थान व त्याच क्षणी तो पृथ्वीवरील ज्या ठिकाणाच्या माथ्यावर असतो त्या ठिकाणाचे स्थान, या दोहोंचे ज्ञान. कोणत्याही क्षणी पृथ्वीवर असे एकच ठिकाण असते की, जेथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या ठिकाणाचा अक्षांश हा सूर्याच्या क्रांतीइतका (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या उत्तर वा दक्षिण अंतराइतका) असतो आणि त्याचा रेखांश वेळेवरून ठरतो. म्हणून आकाशातील सूर्य व भूमीवरील निरीक्षक यांचा विचार एकमेकांपासून वेगळा करता येत नाही. सूर्याचे गणित कितीही सूक्ष्म असले, तरी ते ज्या गावी वापरावयाचे त्या गावाचे स्थान माहीत नसेल, तर तेथील मध्यान्ह, सूर्योदय वा दिनमान सांगता येत नाही. तसेच गणित फार काळ प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहिले नाही, तर ते ऋतूंपासून ढळते. मराठवाड्यातील हिंगोली व त्याच्या आसपासचा गोदावरी-पैनगंगा यांच्या दरम्यानचा प्रदेश या दोन्ही गोष्टींचा इतिहास पाहण्यास सोयीचा आहे. हा भाग पूर्वी परभणी जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

हिंगोलीचे आकाश : हिंगोली शहर सुमारे १९° ४३′ उत्तर अक्षांशावर व ७७° ९′ पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे ते कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण कटिबंधात येते. अशा ठिकाणी सूर्य वर्षातून दोन वेळा माथ्यावर येतो. हिंगोलीस हे दिवस मे महिन्याच्या १८-१९ तारखेच्या सुमारास व जुलैच्या २४-२५ तारखेच्या सुमारास येतात. त्या दिवशी मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. अलीकडे त्यास ‘शून्य सावलीचा दिवस’ असे म्हणतात. यांपैकी दुसरा दिवस पावसाळ्यात येत असल्याने तो बहुधा ढगांमुळे दिसत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाशी माथ्यावर येणारा सूर्य महिनाअखेर सातपुड्यापर्यंत पोहोचतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात हिंगोलीचा मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेस असतो व सावली दक्षिणेकडे पडते. वर्षाच्या उरलेल्या काळात ती उत्तरेकडे पडते. संपातदिनी (२१ मार्च व २३ सप्टेंबर यांच्या सुमारास) सूर्याचे मध्यान्हीचे उन्नतांश सुमारे ७०° असतात. २२ डिसेंबरच्या सुमारास ते ४६° ५१′ इतके खाली येतात, तर २१ जूनच्या सुमारास सूर्य माथ्याच्या उत्तरेस केवळ ३° ४३′ अंतरावर असतो.

शंकू व पलभा : हे सर्व जाणण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे शंकू, म्हणजेच सपाट भूमीवर उभा केलेला सरळ दांडा. शंकूभोवती वर्तुळ काढावयाचे, सकाळी सावलीचे टोक ज्या ठिकाणी वर्तुळात शिरते व दुपारनंतर ज्या ठिकाणी ते बाहेर पडते ती दोन ठिकाणे जोडावयाची, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा मिळते, ही रीत शुल्बसूत्रांच्या काळापासून माहीत होती. यज्ञवेदी व पुढे देवालये यांच्या दिशा ठरविण्यासाठी ती वापरली जाई. सूर्योदयाची दिशा दररोज बदलत असल्याने उगवत्या सूर्याकडे केवळ बोट दाखवून पूर्व ठरत नाही, ही जाण या रीतीच्या मुळाशी आहे. हिंगोलीच्या अक्षांशावर सूर्योदयाचे ठिकाण वर्षभरात खऱ्या पूर्वेच्या उत्तरेस व दक्षिणेस सुमारे २५° इतके सरकते.

सिद्धांतग्रंथांत शंकू १२ अंगुलांचा मानलेला आहे. संपातदिनी मध्यान्ही या शंकूची जी सावली पडते तिला पलभा किंवा विषुवच्छाया म्हणतात. पलभा म्हणजे त्या गावाचा अक्षांशच होय. फक्त तो अंशांऐवजी अंगुलांत सांगितलेला असतो. हिंगोलीची पलभा ४ अंगुले १८ व्यंगुले येते (१ अंगुल = ६० व्यंगुले). तेथेच डिसेंबरमधील अयनदिनी मध्यान्हीची सावली ११ अंगुले १५ व्यंगुले, तर जूनमधील अयनदिनी ती पाऊण अंगुलाहून किंचित अधिक व उलट दिशेस असते. ज्याच्या अंगणात शंकू आहे त्याला वर्ष कोठवर आले, हे कोणत्याही ग्रंथावाचून यावरून कळू शकते.

पलभेवरून दिनमान काढण्याची पंचांगकर्त्यांची रीत सोपी व चतुर आहे. पलभेस अनुक्रमे १०, ८ व ३ १/३ यांनी गुणले की, तीन चरखंडे पळांत मिळतात. हिंगोलीच्या बाबतीत ती सुमारे ४३, ३४ व १४ पळे येतात. त्यांची बेरीज सुमारे ९२ पळे, म्हणजे १ घटी ३२ पळे होते. अर्ध्या दिवसाच्या १५ घटींतून ही वजा करून दुप्पट केल्यास सर्वांत लहान दिवस २६ घटी ५६ पळांचा ठरतो. आधुनिक गोलीय त्रिकोणमितीने (वातावरणातील प्रणमन सोडून) तो २७ घटी १ पळ इतका येतो. फरक ५ पळांचा, म्हणजे २ मिनिटांचा आहे व त्याचे कारण प्राचीन ग्रंथांत सूर्याची परमक्रांती २४° मानलेली आहे, हे होय. ती सध्या २३° २६′ आहे. घंगाळातील पाण्यावर तरंगणाऱ्या छिद्रयुक्त तांब्याच्या घटिकापात्राने वेळ मोजणाऱ्यांना हा फरक जाणवण्याजोगा नव्हता.

ही रीत स्थानाप्रमाणे उत्तर देते, हे तिचे महत्त्व आहे. लगधाच्या वेदांगज्योतिषात सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा व सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा, म्हणजे अनुक्रमे ३६ व २४ घटींचा सांगितला आहे. हे प्रमाण सुमारे ३५° उत्तर अक्षांशाजवळ लागू पडते. हिंगोलीस सर्वांत मोठा दिवस सुमारे ३३ घटींचा व लहान २७ घटींचा असतो. उत्तरेतील आकडा गोदावरीकाठी जसाच्या तसा वापरला, तर दिवसाच्या लांबीत सुमारे ३ घटींची, म्हणजे सव्वा तासाची चूक होते. वेदांगज्योतिषाच्या एकाच प्रमाणापासून पलभेच्या स्थानिक गणितापर्यंतचा प्रवास हा भारतीय ज्योतिषातील महत्त्वाचा टप्पा होय.

देशांतर : पलभेने उत्तर-दक्षिण स्थान कळते, पूर्व-पश्चिम स्थानासाठी देशांतराचा संस्कार करावा लागे. सिद्धांतग्रंथांनी लंका व उज्जयिनी यांवरून जाणारी रेषा मुख्य मध्यरेषा मानली. हिंगोली या रेषेच्या सुमारे १° २२′ पूर्वेस आहे. पृथ्वी १° फिरण्यास १० पळे (४ मिनिटे) लागत असल्याने हिंगोलीचे मध्यान्ह उज्जैनपेक्षा सुमारे १४ पळे, म्हणजे साडेपाच मिनिटे अगोदर होते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वीच्या अक्षभ्रमणाची कल्पना मांडली होती. नंतरच्या बहुतेक ज्योतिषांनी ती स्वीकारली नाही. तथापि पृथ्वी स्थिर मानून व आकाश फिरते असे धरून केलेल्या देशांतराच्या गणितात त्यामुळे बाध येत नव्हता.

पार्थपूरची परंपरा : हिंगोलीच्या नैऋत्येस, शेजारच्या परभणी जिल्ह्यात पाथरी हे गाव आहे. त्याचे जुने नाव पार्थपूर. येथील ज्ञानराज याने शके १४२५ (इ. स. १५०३) मध्ये सिद्धांतसुंदर हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याची ग्रहगणिते सूर्यसिद्धांताच्या परंपरेस अनुसरून आहेत. या ग्रंथाचा विशेष म्हणजे त्यात गणिताइतकाच विश्वरचनेचा प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. पुराणांत पृथ्वी सपाट असून मध्यभागी मेरू आहे व सूर्य त्याच्याभोवती फिरतो, असे वर्णन येते. सिद्धांतग्रंथांत ती गोल व निराधार आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात गोल पृथ्वीचा जोरदार पुरस्कार केला होता. ज्ञानराजाने सिद्धांतांची गोल पृथ्वी राखून पुराणवचनांशी तिचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. सूर्य रात्री मेरूआड जातो की पृथ्वीच्या गोलाईआड, हा तेव्हा केवळ तात्त्विक वाद नव्हता. दिनमान, चर व देशांतर यांची सर्व गणिते गोल पृथ्वीवर उभी होती. ती नाकारली, तर पंचांगाचा पायाच नाहीसा झाला असता.

ज्ञानराजाचा पुत्र सूर्यदास (सूर्यपंडित) हाही पार्थपूरचाच होय. त्याने भास्कराचार्यांच्या लीलावती व बीजगणित या ग्रंथांवर सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात टीका लिहिल्या. याच काळात गोदावरीच्या उत्तर तीरावरील गोलग्राम येथे दिवाकर दैवज्ञाचे घराणे होते. दिवाकर हा कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शिष्य. गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव (शके १४४२, इ. स. १५२०) हा करणग्रंथ सोप्या गणितामुळे महाराष्ट्रातील पंचांगांचा पुढील अनेक पिढ्यांचा आधार ठरला. दिवाकराचे वंशज काशीस गेले, त्यांच्यातील कमलाकराने तेथे शके १५८० (इ. स. १६५८) मध्ये सिद्धांततत्त्वविवेक लिहिला. अशा रीतीने गोदाकाठची ही विद्या काशीपर्यंत पोहोचली. मूळ प्रदेशात मात्र ती मुख्यतः गावोगावच्या जोशांच्या हाती राहिली व वेधापेक्षा कोष्टकांवर अधिकाधिक विसंबू लागली.

मृगसाल व फसली सन : सूर्याचे स्थान हा केवळ ज्योतिषांचा विषय नव्हता, शेतसारा त्यावर अवलंबून होता. हिजरी सन चांद्र असल्याने तो ऋतूंच्या मानाने दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो व पिकांशी जुळत नाही. यावर उपाय म्हणून दख्खनमध्ये शुहूर सन रूढ झाला. त्याचा आरंभ इ. स. १३४४ पासून मानतात. सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी हे वर्ष बदलत असल्याने मराठीत त्यास ‘मृगसाल’ असे म्हणत. मराठेशाहीच्या कागदपत्रांत हा सन सर्वत्र आढळतो. त्याच्या आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की, इसवी सन येतो. अकबराच्या काळी उत्तरेत सुरू झालेला व शाहजहानच्या काळी दख्खनमध्ये आलेला फसली सनही याच गरजेतून निर्माण झाला. हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होती, तेथील सरकारी कारभार फसली सनाने चाले; त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या प्रारंभी आझूर महिन्याने सुरू होई. राज्यकर्ते, भाषा व धर्म बदलले, तरी महसूल सूर्याशीच बांधलेला राहिला.

शेतकऱ्याचे पर्जन्यकालमानही सूर्याच्या नक्षत्रांवर आधारलेले आहे. क्रांतिवृत्ताचे २७ समान भाग केल्यास प्रत्येक भाग १३° २०′ चा होतो व तो आक्रमण्यास सूर्यास साडेतेरा दिवसांच्या आसपास लागतात. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू (तरणा पाऊस), पुष्य (म्हातारा पाऊस) येथपासून हस्तापर्यंतची नक्षत्रे मराठवाड्यात आबालवृद्धांस पाठ असतात. कापूस, तूर, सोयाबीन व हळद यांच्या लागवडीचे बेत आजही ‘मृग लागला’ या शब्दांनी सुरू होतात. सध्या सूर्य ७ किंवा ८ जूनला मृगात प्रवेश करतो.

अयनचलन व त्याचे परिणाम : येथेच या इतिहासातील मुख्य प्रश्न उद्‌भवतो. ऋतू हे सूर्याच्या क्रांतीवर, म्हणजे संपातापासूनच्या त्याच्या अंतरावर अवलंबून असतात. नक्षत्रे मात्र ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात. पृथ्वीचा अक्ष अतिशय मंद गतीने भोवऱ्याप्रमाणे डुलत असल्याने संपातबिंदू ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे ५०.३ विकलांनी मागे सरकतो. त्यामुळे नाक्षत्र (निरयन) वर्ष ऋतुवर्षापेक्षा (सायन वर्षापेक्षा) सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे व सुमारे ७१ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे, म्हणजे नाक्षत्र वर्षाहूनही थोडे मोठे असल्याने त्यात हा फरक सुमारे ६० वर्षांतच पडतो.

वराहमिहिराने सहाव्या शतकात नोंदविले आहे की, पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून होत असे व आता ते कर्कारंभी होते. याची खात्री प्रत्यक्ष परीक्षेने करून घ्यावी, असेही त्याने सुचविले आहे. त्या काळाच्या आसपास मकर संक्रांत व उत्तरायणारंभ एकाच वेळी येत असत. आज उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते व संक्रांत १४-१५ जानेवारीस येते. जो फरक संक्रांतीत, तोच मृगात. मकर संक्रांत व उत्तरायण एकत्र येत असत त्या काळी सूर्य आजच्या गणनेनुसार मे महिन्याच्या मध्यास मृगात जात असे. ज्ञानराजाच्या काळी मृग ऋतूंच्या मानाने आजच्यापेक्षा सुमारे ८ दिवस अगोदर लागत असे. पाऊस सूर्याच्या ऋतुमानाप्रमाणे येतो, नक्षत्राप्रमाणे नव्हे. म्हणून मृगाच्या पेरणीचा आजचा मेळ हा कायमचा नियम नसून विशिष्ट शतकांपुरता जुळलेला योग आहे. आणखी हजार वर्षांनी मृग जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर लागेल व पेरणीची खूण त्याच्या आधीच्या नक्षत्रांकडे गेलेली असेल.

भूमापन : एकोणिसाव्या शतकात पृथ्वीवरील स्थाननिश्चितीस नवी अचूकता आली. विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील मुख्य याम्योत्तर चाप दक्षिण टोकापासून उत्तरेकडे नेण्यात आला. तो बीदरच्या प्रदेशातून हिंगोलीच्या पूर्वेकडील भागातून वऱ्हाडाकडे गेला. २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन कामावर असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट याने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. या कामात जमिनीवरील अंतरे त्रिकोणांनी मोजीत व अक्षांश ताऱ्यांच्या याम्योत्तर वेधांनी ठरवीत. शंकूच्या सावलीचे तत्त्व व या वेधांचे तत्त्व एकच; फरक उपकरणांच्या सूक्ष्मतेचा होता. या मापनांमुळे पृथ्वीच्या ध्रुवांकडील चपटेपणाचे मूल्य सुधारले व गावांचे अक्षांश-रेखांश नकाशांवर निश्चित झाले.

पंचांगवाद : नव्या गणिताचा जुन्या पंचांगांशी संघर्ष अटळ होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ प्रसिद्ध केला व शके १७८७ (इ. स. १८६५) पासून पटवर्धनी पंचांग सुरू झाले. आकाशात दिसणारी ग्रहस्थिती व पंचांगातील स्थिती यांचा मेळ, म्हणजे दृक्‌प्रत्यय, हा त्याचा हेतू होता. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी पुढे जाऊन ऋतूंशी जुळणाऱ्या सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पार्थपूर व गोलग्राम येथील घराण्यांची माहिती मराठी वाचकांपुढे आली ती मुख्यतः त्यामुळेच. निरयन पक्षातही आरंभबिंदूविषयी मतभेद होते. लोकमान्य टिळक रेवतीच्या योगताऱ्याच्या, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या पक्षाचे होते. या दोहोंतील सुमारे ४° च्या फरकामुळे टिळक पंचांगातील मकर संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. आकाशातील सूर्य एकच असताना संक्रांतीचे दिवस दोन, ही गोष्ट सामान्य जनांस गोंधळात टाकणारी असली, तरी मोजणीचा आरंभ कोठून करावयाचा हा मानवी निर्णय आहे, हे तीवरून स्पष्ट होते.

१८९८ चे खग्रास ग्रहण : २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाने या सर्व ज्ञानाची जाहीर परीक्षा घेतली. चंद्राच्या सावलीचा अरुंद पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे गेला. विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉकियर यांचे, जेऊर (सोलापूर जिल्हा) येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे, तर वऱ्हाडात बडनेरा-वर्धा लोहमार्गावरील तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींचे ठाणे होते. तळणी येथे ॲनी माँडर यांनी सूर्याच्या किरीटातील दूरवर पसरलेल्या प्रवाहाचे छायाचित्र घेतले. जेऊर व तळणी यांना जोडणारी रेषा आजच्या हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव-हिंगोली भागातून जाते. सावली कोणत्या गावावरून, कोणत्या मिनिटास जाईल हे अगोदर सांगता आले ते सूर्य व चंद्र यांची आकाशातील स्थाने आणि गावांची पृथ्वीवरील स्थाने ही दोन्ही अचूक ठाऊक होती म्हणून. यांपैकी एक जरी सदोष असते, तर दूरदेशाहून आलेली उपकरणे पट्ट्याबाहेर उभी राहिली असती.

प्रमाणवेळ : आगगाडी व तारायंत्र यांच्या प्रसारामुळे प्रत्येक गावाची स्वतंत्र मध्यान्हवेळ गैरसोयीची ठरली. १ जानेवारी १९०६ पासून ८२° ३०′ पूर्व रेखांशाची वेळ भारतीय प्रमाणवेळ म्हणून लागू झाली. हिंगोली या रेखांशाच्या ५° २१′ पश्चिमेस असल्याने तेथील सरासरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून २१ मिनिटांनी होते. पृथ्वीची कक्षा विवृत्ताकार असल्याने व क्रांतिवृत्त विषुववृत्ताशी कललेले असल्याने खरे मध्यान्ह याहूनही मागेपुढे होते : नोव्हेंबरच्या प्रारंभी ते १२ वाजून ५ मिनिटांच्या, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास येते. शून्य सावली पाहावयाची असल्यास मे महिन्यात १२ वाजून १८ मिनिटांच्या व जुलैत १२ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास पाहावी लागते. घड्याळाचे बारा व सूर्याचे बारा यांत असा भेद पडल्यामुळे सावलीवरून वेळ सांगण्याची विद्या व्यवहारातून मागे पडली.

राष्ट्रीय दिनदर्शिका : स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने १९५५ मध्ये आपला अहवाल दिला. तीनुसार २२ मार्च १९५७ (१ चैत्र शके १८७९) पासून सायन वर्षावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. गणितासाठी ८२° ३०′ पूर्व रेखांश व उज्जैनचा २३° ११′ उत्तर अक्षांश असलेले मध्यवर्ती स्थान धरण्यात आले. जुन्या मध्यरेषेची स्मृती अशा रीतीने अक्षांशात टिकली. सणांच्या सौर गणनेसाठी समितीने २३° १५′ हे अयनांश स्थिर ठेवण्याची शिफारस केली. तसे केल्यास संक्रांत व नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या मानाने आणखी सरकणार नाहीत. सरकारी राजपत्रावर राष्ट्रीय दिनांक छापला जातो. परंतु गावोगावची पंचांगे निरयनच राहिली व मृग आपल्या संथ गतीने पुढे सरकतच आहे.

आधुनिक संदर्भ : आकाशातील दिशा व भूमीवरील स्थान यांचे हे नाते हिंगोली जिल्ह्यात नव्या रूपाने पुढे आले आहे. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या तिच्या दोन भुजा प्रकाश टिपणाऱ्या नाहीत. तरीही तरंग आकाशाच्या कोणत्या भागातून आला, हे दूरदूरच्या वेधशाळांना तो किती अंतराने जाणवला यावरूनच ठरवावयाचे असते. म्हणजे येथेही प्रत्येक वेधशाळेचे पृथ्वीवरील स्थान व वेळ यांचे अचूक ज्ञान आवश्यक आहे. शंकूपासून या वेधशाळेपर्यंत साधने पूर्णपणे बदलली आहेत. स्वतःचे स्थान जाणल्यावाचून आकाश वाचता येत नाही आणि वाचलेले पुन्हा पुन्हा प्रत्यक्ष वेधाशी ताडून पाहावे लागते, या दोन अटी मात्र कायम आहेत. पार्थपूरच्या ग्रंथकारांना पहिली अट ठाऊक होती. दुसरीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पंचांग व ऋतू यांत पडलेले अंतर हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या मृग नक्षत्रात आजही मोजता येते.